घोडशीर

आधीच सांगून टाकते. के.जी.पासून दहावीपर्यंत माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. नंतरही मराठीशी संबंध आला तो घरी आणि मंडईत बोलण्यापुरता. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे असं कोणी म्हटल्यावर मी आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला तर म्हणत नाहीत ना! शुद्धलेखन आजीने तपासलं आहे. तिच्या लाल पेनच्या खुणा मोजल्या तर माझ्या ड्रॉइंग शीटपेक्षा जास्त रेघा भरतील. तरी ज्या चुका राहिल्या असतील त्या माझ्या.

लेख एका शब्दाबद्दल आहे आणि एका माणसाबद्दल. शब्द आधी सापडला, माणूस त्याच्यामागून आला.

झालं असं, की इंटर-कॉलेज बास्केटबॉलच्या सेमीफायनलला मी रिबाउंडसाठी उडी मारायला गेले आणि उजव्या टाचेवर कोणीतरी मागून सणसणीत लाथ मारली. भांडायला मागे वळले तर मागे कोणीच नव्हतं. नुसता एक 'टप्' असा आवाज झाला होता, जाड रबर तुटल्यासारखा. नंतर कळलं की या दुखण्यात बहुतेकांना असंच वाटतं. डॉक्टरांनी मला पालथं झोपवून डावी पोटरी दाबली, पाऊल हललं. उजवी दाबली, पाऊल ढिम्म. एक्स-रे नाही, काही नाही, चिमटीत पोटरी धरून निदान! एखादं मशीन ओपन न करता फॉल्ट सांगणारा जुना फिटर असतो ना, तसं. अकिलीस टेंडन तुटला होता. ऑपरेशन, प्लास्टर, कुबड्या, सीझन संपला.

कॉलेजसाठी मी कसबा पेठेत आजीकडे राहते. वाडा जुना, आम्ही वरच्या मजल्यावर, आणि जिना असा की चढताना आपलं डोकं आपल्याच गुडघ्याला लागेल. धरायला कठडा नाही, वरून एक दोरी सोडलेली आहे. त्या दोरीला धरून, बुडाने एकेक पायरी सरकत मी वर पोचले. आजीने प्लास्टरकडे पाहिलं, डॉक्टरांचा कागद चष्मा वर-खाली करून वाचायचा प्रयत्न केला, मग माझ्या चांगल्या पायाच्या टाचेवरची जाड शीर दोन बोटांत धरून म्हणाली, घोडशीर तुटली म्हण की.

घोडशीर! मला अकिलीस माहीत होता. आठवीच्या इंग्लिशच्या पुस्तकात तो होता. त्याच्या आईने त्याला टाचेला धरून नदीत बुचकळलं, टाच तेवढी कोरडी राहिली, आणि तिथेच बाण लागून तो मेला, हे मी झोपेतही सांगेन. पण माझ्या स्वतःच्या पायात घोडशीर नावाची वस्तू आहे, हे वीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. आजी म्हणाली, जनावराचं कुळ मागच्या पायावर चालतं, आणि मागच्या पायाची ही शीर तुटली की घोडा संपला, म्हणून घोडशीर. ही व्युत्पत्ती बरोबर की आजीने जागच्या जागी तयार केली, देवाला ठाऊक. आमच्या वाड्यात मात्र सगळ्या म्हाताऱ्यांना हा शब्द माहीत निघाला आणि माझ्या वयाच्या एकालाही नाही.

माझी एक शाळेतली मैत्रीण टिळक आयुर्वेद महाविद्यालयात शिकते. ती भेटायला आली तेव्हा तिने आणखी एक शब्द दिला : कंडरा. सुश्रुताने शरीरात सोळा कंडरा सांगितल्या आहेत, त्यातल्या चार पायांत, चार हातांत, चार मानेत, चार पाठीत. आणि हातापायांच्या कंडरांचं शेवटचं टोक म्हणजे नखं. गंमत पुढे आहे. सुश्रुताच्या ग्रंथात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, म्हणजे आपण ज्याला मसल म्हणतो तो, आणि स्नायू म्हणजे बांधणारे तंतू. आजच्या मराठी पाठ्यपुस्तकात स्नायू म्हणजे मसल आणि पेशी म्हणजे सेल. शब्द तेच, पण सगळे एकेक खुर्ची सरकून बसलेत. कंडरा बिचारी तिच्याच जागी राहिली आणि म्हणून विसरली गेली. असो.

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक पॅरा, बाकीच्यांनी गाळला तरी चालेल. पाऊल हलवणारे मोठे मसल पावलात नसतातच, ते वर पोटरीत असतात. खाली येतात त्या फक्त दोऱ्या. मोटर वर, लोड खाली, मध्ये केबल ड्राइव्ह. त्यामुळे पाऊल हलकं राहतं आणि झपकन उचलता येतं. केबलही साधी नाही, कोलॅजनच्या तंतूंचे जुडगे, त्या जुडग्यांचे मोठे जुडगे, अगदी वायर रोपसारखे. हे तंतू मुळात थोडे नागमोडी असतात, म्हणून सुरुवातीला थोड्या ताणाने ते नुसते सरळ होतात. आणि स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हच्या त्या भागाला पुस्तकात खरोखरच 'टो रीजन' म्हणतात. मला प्लास्टरमध्ये पडल्या-पडल्या याचं फार हसू आलं. चार टक्क्यांच्या पुढे ताणलं की आतले धागे तुटायला लागतात, आठ-दहा टक्क्यांच्या आसपास दोर तुटतो. माझा दहाच्या पलीकडे गेला असणार.

आता माणूस.

पहिले दोन आठवडे मी खूप रडले. टीम फायनलला गेली, मी गच्चीवर. खिडकीतून तांबट आळीतली ठोके मारण्याची ठकठक यायची आणि मला वाटायचं सगळं जग काहीतरी करतंय, मीच तेवढी पडून आहे. आजी निवृत्त शिक्षिका, इतिहासाची. तिने समजूत वगैरे काही घातली नाही. एवढंच विचारलं की महादजी शिंदे लंगडे होते, हे तुला ठाऊक आहे का. मला महादजी शिंदे म्हणजे ग्वाल्हेर आणि एका पुलाचं नाव, एवढंच ठाऊक होतं. मग पुस्तकं आली. तिच्या कपाटातली आणि मग लायब्ररीतली. आमच्या गल्लीतून बाहेर पडलं की पाच मिनिटांत शनिवारवाडा, आणि मी इतकी वर्षं त्याच्यासमोर भेळ खाऊन परत येत होते!

शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. महादजींचे वडील राणोजी. त्यांची एक गोष्ट सांगतात, की ते पेशव्यांच्या पदरी असताना जोडे सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि एकदा धन्याला उशीर झाला तेव्हा ते जोडे छातीशी घट्ट धरूनच झोपी गेलेले दिसले. त्या निष्ठेवर खूश होऊन पेशव्याने त्यांना पागेत घेतलं. गोष्ट खरी असो वा रचलेली, घराण्याने ती कधी लपवली नाही, उलट मिरवली. हे लक्षात ठेवा, पुढे जोडे परत येणार आहेत.

राणोजींना पाच मुलगे. जयाप्पा, दत्ताजी आणि जोतिबा एका आईचे. तुकोजी आणि महादजी चिमाबाईचे. महादजी सर्वांत धाकटे, आणि आई लग्नाची बायको नव्हती असं म्हणत, त्यामुळे हक्काच्या रांगेत सगळ्यात शेवटी. ही रांग कशी संपत गेली ते वाचताना मला अंगावर काटा आला. जोतिबा आधीच गेले होते. जयाप्पा १७५५ मध्ये मारवाडात नागोरच्या वेढ्यात मारेकऱ्यांच्या हातून मेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० ला यमुनेकाठी बुराडी घाटावर पडले. (त्यांच्या तोंडचं प्रसिद्ध वाक्य सगळ्यांना पाठ असतं, आजी तर ते अजून उभी राहून म्हणते.) आणि मग १४ जानेवारी १७६१, पानिपत. तुकोजी पडले. जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजी हाती लागला आणि मारला गेला. एका घरातले सगळे कर्ते पुरुष सहा वर्षांत संपले. उरले ते महादजी, तिशीच्या आसपासचे, आणि तेही कसे उरले ते ऐका.

हा प्रसंग जॉन माल्कमच्या १८२३ मध्ये छापलेल्या मध्य हिंदुस्थानवरच्या पुस्तकात आहे. त्याला तो पामर नावाच्या इंग्रज रेसिडेंटकडून कळला आणि पामरला खुद्द महादजींनी सांगितला होता. लढाई हरल्यावर महादजी दक्षिणेकडे पळत सुटले. त्यांची घोडी दख्खनी, चपळ. मागे एक धिप्पाड अफगाण स्वार लागला, त्याचा घोडाही तसाच आडमाप. महादजी कितीही पुढे गेले तरी जरा दम घ्यायला थांबलं की तो घोडा मागून येताना दिसे. वेग नाही, पण दमही लागत नाही. शेवटी दख्खनी घोडी थकली आणि एका खड्ड्यात कोसळली. अफगाणाने गाठलं, कुऱ्हाडीचा घाव उजव्या गुडघ्यावर घातला, अंगावरचे दागिने काढून घेतले, घोडी घेतली आणि त्यांना तिथंच टाकून तो निघून गेला. तो पाय पुन्हा कधीच नीट कामाला आला नाही. पुढे कितीतरी वर्षं महादजींना झोपेत त्या घोड्याच्या टापा ऐकू यायच्या.

हे मी रात्री दोनच्या सुमाराला वाचलं आणि पुस्तक मिटलं. कारण मलाही तो 'टप्' आवाज झोपेत ऐकू येत होता. माझी तुलना महादजींशी नाही हो, कृपा करून हसू नका. पण शरीराचं काहीतरी तुटल्याचा आवाज कानात राहतो, हे मला कोणत्याही पुस्तकाशिवाय कळलेलं होतं. आणि गुडघा म्हटला तरी त्याच्या मागून-पुढून जाणाऱ्या दोऱ्याच सगळं काम करतात. आजीच्या मते गुडघ्यामागच्या दोराही घोडशिराच. कुऱ्हाडीने नेमकं काय तुटलं याचा रिपोर्ट कोणी लिहून ठेवलेला नाही, पण तेव्हा भूल नव्हती, टाके घालून प्लास्टरमध्ये पाय ठेवणारं कोणी नव्हतं. तुटलेली केबल सुटी राहिली की मसल तिला वर ओढून घेतो, टोकं एकमेकांपासून लांब जातात. पाय राहतो, पण तो पाय म्हणून नाही, काठी म्हणून.

खड्ड्यात पडलेल्या त्या माणसाला पहिल्यांदा पाहिलं ते राणेखान नावाच्या एका भिस्त्याने. भिस्ती म्हणजे पखालीतून पाणी पुरवणारा. त्याने जखमी महादजींना पखालीच्या बैलावर घातलं आणि दक्षिणेच्या वाटेला लावलं. आता सांगा, हारलेल्या फौजेचा लंगडा सरदार, दागिनेसुद्धा गेलेले. याला वाचवून भिस्त्याला काय मिळणार होतं? त्याला जे मिळालं ते असं : महादजींनी त्याला भाऊ मानलं आणि शेवटपर्यंत भाऊ म्हणूनच वागवलं. जहागिरी दिली, सैन्यात वरची जागा दिली. नुसती मेहेरबानी म्हणूनही नाही. राणेखान खरोखर चांगला सेनापती निघाला. त्याचं पुढे येतंच.

जखम भरल्यावर महादजींपुढचा प्रश्न सरदारकीचा होता. घराण्याची गादी कोणाला द्यायची यावर पुण्यात सात वर्षं घोळ चालला. राघोबादादांचा कल दुसऱ्यांकडे होता. लंगडा, औरस नाही, धाकटा, अशी तीन कारणं तर महादजींच्या अंगावरच लिहिलेली होती. शेवटी १७६८ मध्ये थोरल्या माधवरावांच्या काळात सरदारकी त्यांच्याकडे आली. आमच्या कॅम्पस इंटरव्ह्यूला तीन राउंड असतात तर आम्ही रडतो!

त्यानंतरची सव्वीस वर्षं म्हणजे परीक्षेच्या इतिहासात येतात ती. मी भराभर सांगते, कारण सगळं इथे मावणार नाही. १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत शिरले आणि जानेवारी १७७२ मध्ये परागंदा झालेला बादशहा शाहआलम महादजींच्या आधाराने आपल्या राजधानीत परत आला. पानिपतनंतर अकरा वर्षांत! जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज राघोबादादांना घेऊन मुंबईहून पुण्यावर चालून आले, तळेगावपर्यंत पोचले, पुढचा मुलूख उजाड केलेला पाहून मागे वळले आणि वडगावला कोंडले गेले. लोणावळा लोकलने जाताना वडगाव स्टेशन लागतं, तेच. तिथे इंग्रजांना शरण येऊन तह करावा लागला आणि बोलणी झाली ती मुख्यतः महादजींशी. इंग्रजांनी नंतर तो तह मानला नाही, ऑगस्ट १७८० मध्ये महादजींचा ग्वाल्हेरचा किल्लाही घेतला. पण १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला तो महादजींच्याच मध्यस्थीने. दोन्ही बाजूंना मान्य असा माणूस एकच होता. १७८४ च्या शेवटी बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुतलक केलं आणि त्यांच्या वतीने कारभार महादजींच्या हाती दिला.

मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र वेगळा आहे. मराठ्यांची लढाई म्हणजे घोडा. महादजींनी पाहिलं की पुढचं युग शिस्तीने चालणाऱ्या पायदळाचं आणि तोफांचं आहे. त्यांनी द बॉइन नावाच्या, सव्हॉयहून आलेल्या अधिकाऱ्याला नोकरीला ठेवलं, पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला तोफा ओतायचा कारखाना चालवला. एका ठेक्यात पाऊल टाकणारी हजारो माणसं. आणि ती उभी केली अशा माणसाने, ज्याचं स्वतःचं एक पाऊल दुसऱ्याशी जुळत नव्हतं. त्यांना यात काही वाटलं असेल का? मी फिजिओथेरपीला आरशासमोर चालते तेव्हा डावा-उजवा, डावा-उजवा असं मोजते आणि प्रत्येक वेळी उजवा अर्धा ठोका उशिरा येतो. तेव्हा मला ही पलटण आठवते.

सगळं चढतच गेलं असं नाही. १७८७ मध्ये लालसोटजवळ राजपुतांशी झालेल्या लढाईनंतर बादशाही फौजेतल्या पलटणी फुटून शत्रूला मिळाल्या आणि महादजींना माघार घ्यावी लागली. वर्षभर त्यांचा सगळा डोलारा कोसळल्यासारखा झाला. या काळात गुलाम कादिर रोहिल्याने दिल्ली घेतली आणि ऑगस्ट १७८८ मध्ये शाहआलमचे डोळे काढले. वाचवत नाही ते. ऑक्टोबरात मराठी फौजेने दिल्ली परत घेतली आणि त्या फौजेच्या डोक्यावर कोण होतं? राणेखान. पानिपतावर पाणी वाहणारा भिस्ती, सत्तावीस वर्षांनी दिल्लीच्या किल्ल्यात, आंधळ्या बादशहाला सोडवणारा सेनापती. मी जर कधी सिनेमा काढला तर महादजींवर नाही काढणार, राणेखानावर काढीन. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे द बॉइनच्या पलटणींनी राजपूत फौजांचा पराभव केला आणि उत्तरेत महादजींना तोंड देईल असं कोणी उरलं नाही.

आणि मग जून १७९२. महादजी पुण्याला आले. बारा वर्षं उत्तरेत काढल्यावर. पेशवे सवाई माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या मुलाएवढे. कारभार नाना फडणवीसांचा, आणि नानांना महादजींची धास्ती. शहरभर उलटसुलट बोललं जात होतं. महादजींनी काय केलं? ते शहराच्या वेशीशी हत्तीवरून उतरले. दरबारात गेल्यावर पिढीजात मानकऱ्यांच्या खालच्या जागी जाऊन थांबले. पेशवे आले, त्यांनी बसायला सांगितलं, तर हे बसेनात. काखेत एक गाठोडं होतं, ते सोडलं. आत नवे जोडे. ते पेशव्यांच्या पायापुढे ठेवले, पायातले जुने काढून घेतले, फडक्यात गुंडाळून काखेत मारले, आपलं आणि आपल्या बापाचं काम हेच आहे असं सांगितलं, आणि मगच खाली बसले. नंतर शहराबाहेर मोठे डेरे उभारून बादशहाच्या फर्मानाचा सोहळा झाला, तिथेही ते असेच वागले. हुद्दे मिळाले, किताब मिळाले. त्यांना म्हणवून घ्यायला आवडायचं ते मात्र पाटील.

इतिहासकारांनी या प्रसंगावर बरंच लिहिलं आहे. ग्रँट डफसारख्यांना तो निव्वळ देखावा वाटला. आजीलाही तो राजकारणाचा डाव वाटतो, आणि तिचा अभ्यास माझ्यापेक्षा पन्नास वर्षांनी जास्त आहे. नानांच्या माणसांना दाखवायचं होतं की मी गर्विष्ठ नाही, पोराला जिंकायचं होतं, सगळं बरोबर. पण मला ते वाचताना वेगळंच दिसलं. माझं प्लास्टर निघून चौथा दिवस होता. त्या सकाळी माझी चप्पल पलंगाखाली गेली होती आणि ती काढायला मला वाकता येईना. उजवा पाय मागे टाकावा तर तोल जातो, पुढे टाकावा तर टाच टेकत नाही, गुडघ्यावर बसावं तर उठायचं कसं? दहा मिनिटं मी पलंगाच्या कडेला धरून उभी होते आणि शेवटी आजीला हाक मारली.

साठी ओलांडलेला माणूस, एकतीस वर्षं मोडलेला उजवा पाय, भरलेला दरबार, सगळ्यांची नजर. तो वाकतो. एका अठरा वर्षांच्या मुलाच्या पायाशी जोडे मांडतो, जुने उचलतो, परत उभा राहतो. देखावा असेल. पण हा देखावा करायला लंगड्या माणसाला काय लागतं, हे ग्रँट डफला माहीत नसणार. आपल्याकडे मोडेन पण वाकणार नाही हे फार कौतुकाने म्हणतात. हा माणूस आधीच मोडलेला होता आणि वाकला, तेही त्याच पायावर. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली की हा पुरावा होत नाही. मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, लिही तू तुला वाटतंय तसं.

पुढची दीड वर्षं महादजी पुण्यातच राहिले. सवाई माधवराव त्यांच्याबरोबर शिकारीला जायचे, त्यांना हा उत्तरेच्या गोष्टी सांगणारा म्हातारा आवडायचा. नानांशी कधी बरं, कधी वाईट चाललं. वानवडीला त्यांची छावणी होती. तिथेच तापाने १२ फेब्रुवारी १७९४ ला ते वारले. मुलगा नव्हता, भाऊ तुकोजी, पानिपतावर गेलेला, त्याचा नातू दौलतराव गादीवर बसला, तेव्हा तो जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा होता. पुढच्या वर्षी सवाई माधवराव शनिवारवाड्यातल्या वरच्या मजल्यावरून खाली पडून गेले. त्यानंतरचं सगळं मला वाचावंसं वाटलं नाही.

कुबड्या सुटल्यावर पहिल्या रविवारी आजी आणि मी रिक्षाने वानवडीला शिंदे छत्रीला गेलो. महादजींनी स्वतः बांधायला घेतलेलं शंकराचं देऊळ आणि त्यांना जिथे अग्नी दिला ती समाधी तिथे आहे. वरचा रंगीत काचांचा दिवाणखाना शिंद्यांच्या वंशजांनी नंतर बांधला. तो सुंदर आहे, फोटो काढणारे सगळे तिथेच असतात. समाधीपाशी मात्र शांत होतं. एक मांजर झोपलं होतं. मी राणेखानाचं नाव कुठे दिसतं का ते भिंतीवर शोधलं, मला दिसलं नाही.

दारात चपला काढायच्या होत्या. मी भिंतीला धरून डावी काढली, उजवी काढायला वाकले आणि अर्ध्यावर अडकले. डॉक्टर म्हणतात अजून तीन महिने. आजी चौऱ्याहत्तर वर्षांची. ती खाली बसली, माझ्या चपलेचा पट्टा सोडवला, दोन्ही चपला जोडीने भिंतीशी लावून ठेवल्या, आणि उठताना माझ्याच दंडाला धरून उठली. रिक्षावाला वेटिंगचे किती घेणार याचीच तिला तोवर काळजी लागली होती.